उन्हातली वाट, आपल्या गाडीवर : कल्याण ते महू

एप्रिल महिना उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीच्या तयारीची धामधूम सुरू होते. वर्गणी, मंडप, निळ्या पताका, मुलांच्या भाषणांच्या तालमी. त्याच दिवसांत शेकडो माणसे महूची वाट धरतात. कोणी रेल्वेने जातो, कोणी एस.टी.ने, कोणी पाच-पन्नास जण मिळून ट्रॅव्हल्स करतात. अलीकडे तरुण मुले मोटारसायकलींचा ताफा करून निघू लागली आहेत. घरातल्या आयांच्या जिवाला मात्र घोर लागतो. "एवढ्या उन्हात गाडीवर? वेड लागलंय का?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही २०२५ च्या एप्रिलमध्ये रस्त्यावर उतरून शोधले. आम्ही नऊ जण होतो : सहा पुरुष, तीन महिला. चार मोटारसायकली आणि एक स्कूटर. कोणी पालिकेत सफाई कामगार, कोणी रिक्षाचालक, कोणी कंपनीत पॅकिंगला, दोघे कॉलेजात शिकणारे. स्कूटर चालवणाऱ्या ताई रुग्णालयात परिचारिका आहेत. गाड्या सगळ्या रोजच्या कामाच्या, शंभर-सव्वाशे सीसीच्या, कामावर नेणाऱ्या आणि भाजी आणणाऱ्या. कल्याणहून महूपर्यंत सुमारे सव्वापाचशे किलोमीटर. जाऊन-येऊन पाच दिवस लागले. जे पाहिले, जे सोसले आणि जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तयारी महिनाभर आधीची

समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. त्यामुळे आपल्यासाठी जुना आग्रा रोडच खरा : भिवंडी, कसारा घाट, नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, खलघाट आणि घाट चढून महू. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल पडत नाही, ही गरिबाला मोठी सवलत. शंभर सीसीच्या गाडीला जाऊन-येऊन वीस लिटरच्या आसपास पेट्रोल लागले, म्हणजे गाडीमागे दोन हजारांहून थोडा अधिक खर्च. दोघांत वाटला तर माणशी हजार-अकराशे. जेवणाची बरीच शिदोरी घरूनच नेली होती.

गाड्यांची तपासणी नाक्यावरच्या आपल्याच मेकॅनिकने केली. इंजिन ऑइल बदलले, चेन ताणून तिला तेल दिले, ब्रेकचे लायनर पाहिले, गुळगुळीत झालेला एक टायर बदलायला लावला. टायरमधली हवा गाडी थंड असताना, सकाळीच भरावी. टायर तापल्यावर हवा वाढलेली दिसते म्हणून कोणी ती सोडू लागला तर त्याला अडवावे. थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा होतो आणि कमी हवेचा टायर धावताना जास्त तापतो. पेट्रोलची टाकीही उन्हात काठोकाठ भरू नये. उष्णतेने पेट्रोल फुगते, त्याला वर थोडी जागा लागते.

मग बसून नियम ठरवले. चालक आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने ते बंधनकारक आहेच, पण कायदा नसता तरी आम्ही तेच केले असते. दारूचा थेंब नाही. शर्यत नाही. निळा झेंडा लहान आणि मागे बांधायचा, चालकाच्या डोळ्यांपुढे फडफडेल असा नाही. गाड्या एकामागोमाग सरळ रेषेत न ठेवता एक डावीकडे, एक उजवीकडे अशा आळीपाळीने चालवायच्या आणि मधले अंतर राखायचे. सर्वांत सावकाश जाणारी गाडी दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे ताफा तिच्या चालीने चालतो. हत्यारांची पिशवी आणि पंक्चरचे सामान सर्वांत मागच्याकडे. आणि सर्वांत मोठा नियम : सकाळी साडेदहा ते दुपारी चार गाडी सावलीत, माणसेही सावलीत.

वारा लागतो, पण कोणता?

पुष्कळांची समजूत अशी की गाडी पळते तेव्हा वारा लागतो, मग ऊन कसले बाधते? ही समजूत घातक आहे. आपल्या कातडीची उष्णता साधारण पस्तीस अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तरच वारा अंगाला गारवा देतो. खानदेशात आणि निमाडात एप्रिलच्या दुपारी पारा चाळीशी ओलांडतो. तेव्हा तोच वारा भट्टीच्या झोताप्रमाणे अंगात उष्णता भरतो. आणि घाम इतक्या लवकर वाळतो की आपल्याला घाम येतो आहे हेच कळत नाही. माणसाला वाटते, आपण बरे आहोत. आत मात्र पाणी आणि मीठ आटत असते.

म्हणून अर्ध्या बाहीचा शर्ट आणि उघडी मान घेऊन निघू नये. पूर्ण बाहीचा सैल सुती सदरा, हातमोजे, बूट आणि गळ्याभोवती ओला पंचा. पंचा दर थांब्याला पुन्हा भिजवावा. पाणी तहान लागेपर्यंत थांबून पिऊ नये, दर अर्ध्या तासाने थोडे थोडे प्यावे. नुसते पाणीही पुरत नाही, मीठ हवे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचे औषध प्रत्येकाच्या बाटलीत होते. शिवाय ताक, कैरीचे पन्हे, कांदा-भाकरी. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट उघडपणे लिहिली पाहिजे. वाटेत शौचालय नसते म्हणून आपल्या आया-बहिणी प्रवासात पाणीच पीत नाहीत. उन्हात हे विष घेण्यासारखे आहे. आमच्या ताईंनी पहिल्याच बैठकीत सांगितले, "थांबे आम्ही ठरवणार." पेट्रोल पंपावर शौचालय आणि पिण्याचे पाणी ठेवणे पंपचालकाचे काम आहे. ते हक्काने वापरायचे. दर चाळीस-पन्नास किलोमीटरला पंपावर थांबायचे असे ठरले आणि त्याने सगळ्यांचेच भले झाले. साडी नेसून मागे बसणाऱ्या मावशींनी पदर खोचून वर जाकीट घातले. ओढणी आणि पदर चाकात जाऊन किती जीव गेले आहेत, हे परिचारिका ताईंनी पाहिलेले आहे.

त्रिरश्मीच्या डोंगरावर पाणपोईची नोंद

शनिवारी १२ एप्रिलला पहाटे साडेतीनला आम्ही निघालो. कसारा घाट अंधारातच चढलो. उजाडताना इगतपुरीची गार हवा लागली आणि आठच्या आत नाशिकजवळ त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी पोचलो. लोक यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही चोवीस बौद्ध लेणी आहेत आणि डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी असे शिलालेखांतच कोरलेले आहे.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्खूंच्या चीवरासाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले होते. दोन हजारांवर शेकडा एक आणि हजारांवर शेकडा पाऊण असे दरमहा व्याज ठरले होते. म्हणजे त्या काळी विणकर, कामकरी माणसांच्या संघटना राजघराण्याची ठेव सांभाळण्याइतक्या विश्वासाच्या होत्या. आपल्या कामगार बांधवांनी ही नोंद लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पण उन्हातून आलेल्या आम्हाला त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखातली गोष्ट जास्त भावली. उषवदाताने वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली, तापीसह सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि नद्यांच्या दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. पाणपोईला लेखात 'प्रपा' हा शब्द आहे. त्याच्याही आधी सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणल्या आणि जागोजाग पाणपोया घातल्या, हे त्याच्या सातव्या स्तंभलेखात नोंदलेले आहे. वाटसरूला सावली आणि पाणी देणे हे या मातीत राजाचेही कर्तव्य मानले जाई. मग मधल्या काळात त्याच वाटेवर कोणाला पाणी द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवणारे कोठून आले, हा विचार डोंगर उतरताना मनातून जाईना.

गाडी मिळाली नाही, पाणी मिळाले नाही

दुपार नाशिकला एका नातेवाइकांकडे काढली आणि चारनंतर निघून रात्री साडेआठला धुळे गाठले. धुळ्याच्या अलीकडे लळिंगच्या जंगलात लांडोर बंगला आहे. १९३७ साली न्यायालयाच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा त्यांचा मुक्काम तिथे होता. अंधार पडल्यामुळे आम्ही रस्त्यावरूनच वंदन केले.

त्या रात्री यजमानांच्या गच्चीवर 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चा विषय निघाला. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी लिहिलेले हे छोटे पुस्तक प्रत्येक घरात असायला हवे. त्यातल्या पुष्कळशा आठवणी प्रवासातल्याच आहेत. १९०१ साली लहानगा भीम भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला होता. दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीचे. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवाला शेजारून पायी चालणार, या अटीवर. सोबत जेवण भरपूर होते, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावर मागूनही मिळाले नाही. मुले रात्रभर उपाशी आणि तहानलेली राहिली.

१९२९ साली चाळीसगावला टांगेवाले महारांना टांग्यात बसवून न्यायला तयार नव्हते. तेव्हा आपल्यातल्याच एकाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती त्याने, तो हाकला. वाटेत अपघात होऊन बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. परदेशातून मोठ्या पदव्या घेऊन आलेल्या बॅरिस्टरला एक टांगेवाला मिळत नव्हता. आणि १९३४ साली कार्यकर्त्यांसह नाशिकहून बसने वेरूळच्या लेण्यांच्या सहलीला निघाले, तेव्हा दौलताबादला धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याबाहेरच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून गहजब झाला. किल्ल्यात पाण्याला कोठेही हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन त्यांना आत सोडण्यात आले.

ऐकता ऐकता आमच्यातले रिक्षाचालक काका म्हणाले, "म्हणून मी गाडी पुसताना कधी कंटाळत नाही." गच्चीवर कोणी काही बोलले नाही. आपल्या दाराशी हप्त्याने घेतलेली शंभर सीसीची गाडी उभी असते. कोणाच्या परवानगीची, कोणाच्या अटीची गरज न पडता ती चालू होते. तिची किंमत शोरूमच्या बिलावर लिहिलेली नसते.

सेंधव्याच्या पुढे, कडुनिंबाखाली

रविवारी पहाटे साडेचारला धुळे सोडले. सावळद्याजवळ तापी ओलांडली, शिरपूर गेले, पळासनेरनंतर मध्य प्रदेशाची हद्द लागली. बिजासन घाटात एक गाडी पंक्चर झाली. ट्यूब दोन ठिकाणी फाटली होती. ती मिळवून बसवण्यात दीड तास गेला. तोवर सूर्य वर आला. सेंधवा ओलांडून आणखी थोडे पुढे जाईपर्यंत अकरा वाजले होते. डांबर मऊ पडून चकाकत होते आणि झाडे विरळ होती.

कॉलेजात शिकणारा आमचा एक भाऊ, वय बावीस, सकाळपासून पाणी टाळत होता. "प्यालो की उतरावं लागतं, सगळे थांबतात," असे त्याचे म्हणणे. त्याच्या पायात गोळे आले, गाडी किंचित हलू लागली. मागून येणाऱ्या ताईंनी ते पाहिले आणि हॉर्न वाजवून सगळ्यांना थांबवले. त्याला काय होते विचारले तर उत्तर भलतेच. अंग घामाने चिंब, चेहरा पांढरा, डोके फिरते आहे म्हणाला.

रस्त्यालगत शेतातल्या घरापुढे कडुनिंब होता. तिथे त्याला निजवले. हेल्मेट, बूट, जाकीट काढले, पाय उंच ठेवले. घरातल्या मावशी धावत बाहेर आल्या. कोण, कुठले, एक शब्दही न विचारता त्यांनी माठ आणून ठेवला, सुनेला बादलीभर पाणी आणायला सांगितले आणि स्वतः सुपाने वारा घालू लागल्या. ओले कपडे मानेला, काखेत, जांघेत ठेवले. तो नीट बोलू लागल्यावर मीठ-साखरेचे पाणी घोट घोट दिले. अर्ध्या तासाने त्याचा चेहरा माणसात आला. जीपने त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासून दिवसभर विश्रांती सांगितली.

ताईंनी आम्हाला तिथेच समजावून सांगितले, ते प्रत्येक आईने लक्षात ठेवावे. घाम, गोळे, चक्कर, मळमळ असेपर्यंत सावली आणि मीठ-पाणी कामास येते. पण अंग तापून भट्टी झाले, माणूस बरळू लागला, झटके आले किंवा शुद्ध गेली, तर तो उष्माघात. त्यात जीव जातो. तेव्हा १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहायचे. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचे नाही, ते श्वासनळीत जाते. आधी थंड करायचे, मग हलवायचे.

संध्याकाळी पाचनंतर निघालो. त्या भावाला गाडी चालवू दिली नाही. मावशींनी पैसे घेतले नाहीत. निघताना त्यांनी मोटारसायकलीवरचा झेंडा पाहिला, हसल्या आणि आम्ही बोलण्याआधीच "जय भीम" म्हणाल्या.

खलघाटला नर्मदा ओलांडली. पुढे विंध्याचा घाट. या घाटाच्या उतारावर अवजड ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन मोठे अपघात झालेले आहेत, म्हणून अगदी डाव्या कडेने सावकाश चढलो. वर मानपूरला आल्यावर हवा एकदम बदलली. माळव्याची रात्र गार असते. साडेआठ वाजता महूत शिरलो.

जन्मभूमीवर

महूचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले. सुभेदार रामजी सकपाळ इथल्या लष्करी छावणीत होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी भीमाबाईंच्या पोटी त्यांचे चौदावे अपत्य इथे जन्माला आले. त्या जागी उभे राहिलेले संगमरवरी स्मारक १४ एप्रिल २००८ रोजी लोकांसाठी खुले झाले. रात्री बारा वाजता फटाके आणि जयघोष झाला तेव्हा आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. विदर्भातल्या, उत्तर प्रदेशातल्या, पंजाबातल्या बायाबापड्या ओळीत बसल्या होत्या. सर्वांसाठी जेवणाची आणि पाण्याची सोय होती. पाण्याच्या टाकीवर रांग होती आणि त्या रांगेत कोणी कोणाला जात विचारीत नव्हते. आमचा आजारी भाऊ रांगेत उभा राहून म्हाताऱ्यांना पेले भरून देत होता.

परतीची एक रात्र

मंगळवारी पहाटे महू सोडले आणि दुपार धुळ्याला काढली. रात्री वाटेतल्या एका गावी लॉज पाहिले. बाहेर 'खोल्या उपलब्ध' अशी पाटी होती. गल्ल्यावरच्या माणसाने आधी आमची आडनावे विचारली, मग झेंड्याकडे पाहिले आणि खोल्या नाहीत म्हणाला. आम्ही बाहेर पाणी पीत असतानाच मागून आलेल्या कुटुंबाला त्याने किल्ली दिली. तरुण मुले चिडली. पण महिला दिवसभराच्या थकल्या होत्या. ताईंनी वेळ आणि ठिकाण वहीत टिपून ठेवले, पाटीचा फोटो काढला. ती तक्रार रीतसर होईल. त्या रात्री आम्ही त्याच गावच्या विहारात, सतरंजीवर, सुखाने झोपलो.

हा प्रसंग मुद्दाम लिहिला. कडुनिंबाखालच्या मावशी खऱ्या आहेत आणि तो गल्ल्यावरचा माणूसही खरा आहे. मुलांना दोन्ही सांगितले पाहिजे.

आता आपण काय करावे?

मुलांना उन्हात जाऊ देऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. अटी घालून जाऊ द्या. हेल्मेट दोघांना, दुपारी सावली, बाटलीत मीठ-साखर, दारूला बंदी आणि ताफ्यात औषधोपचार जाणणारा एक तरी माणूस. मुलींना घरी ठेवू नका. आमच्या ताफ्यात सर्वांत सावध चालक एक महिलाच होती.

दुसरी विनंती विहार समित्यांना. मार्च ते जून विहारासमोर एक पाणपोई घाला. दोन रांजण, ओले गोणपाट, झाकण, लांब दांड्याचे ओगराळे, शेजारी मीठ-साखरेची एक बरणी. पाणी रोज बदलायचे, रांजण घासायचा. हे काम मुलांकडे सोपवा आणि पाळीचा तक्ता भिंतीवर लावा. महामार्गालगतच्या विहारांनी शौचालयाची दिशा दाखवणारी पाटीही लावावी, म्हणजे ट्रकवाला, मोलमजूर, वारकरी, यात्रेकरू, कोणीही असो, आया-बहिणींना संकोच न वाटता थांबता येईल. आडनाव विचारायचे नाही. आधी पाणी द्यायचे.